पात न घातलेलं सूप

त्या चायनीज हॉटेलात लोक पोट भरायला जात, मान मिळवायला नव्हे. टायरच्या दुकानाशेजारचा लोखंडी जिना चढून गेलं की सात टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि एकच वेटर. तो पाण्याचा ग्लास असा आदळायचा की निम्मं पाणी टेबलावर. मेन्यूकार्ड धरून कुणी जास्त वेळ विचार करायला लागलं, तर कार्ड सरळ काढून घ्यायचा. आणि गिऱ्हाइकाचं वाक्य त्याने कधी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही. ‘जरा तिखट कमी’ एवढं म्हणेपर्यंत स्वारी स्वयंपाकघराच्या दारात पोचलेली असे. नूडल्स मात्र गरमागरम, बशीभर आणि स्वस्त, म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडत का होईना लोक पुन्हा येत.

त्याला ‘फौजदार’ हे नाव ठेवलं मास्तरांच्या बायकोने. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. एका मोठ्या टेलरिंगच्या दुकानात चाळीस वर्षं कापड बेतलं. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलायचा प्रसंग कमी. बायको नेमकी उलट. ती सिनेमाच्या तिकीट खिडकीवर बसायची, आणि ‘सुट्टे नसतील तर बाजूला व्हा’ हे वाक्य तिने हजारो माणसांना ऐकवलेलं. पहिल्याच दिवशी फौजदाराने ग्लास आदळला आणि तिला आपल्याच धंद्यातला माणूस भेटल्यासारखं झालं.

तेव्हापासून बावीस वर्षं, दर बुधवारी, एकच संवाद.

“सुपात कांद्याची पात नको.”

“येतं तसं खायचं. नाहीतर घरी करायचं.”

“घरी केलं असतं तर तुझं थोबाड बघायला जिना चढले असते का?”

मग सूप यायचं, वर मुद्दाम मूठभर पात. ती चमच्याने एकेक तुकडा काढून बशीच्या कडेला लावायची आणि फौजदाराचा उद्धार करायची. मास्तर मुकाट्याने नूडल्स खायचे. आठवड्यातला तेवढा एक तास त्यांना आपला संसार फार छान चालला आहे असं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी बाई विसरायला लागली. आधी गॅस, मग किल्ल्या, मग शेजारीण. गेल्या वर्षी ब्लाउजची बटणं कशी लावायची तेही गेलं. ज्या माणसाने गावाचे कपडे बेतले, तो आता रोज सकाळी बायकोची बटणं लावत होता. सगळे तिच्याशी गोड बोलायचे. डॉक्टर, शेजारणी, फोनवरून लेक, सगळ्यांचा आवाज कसा लोण्यासारखा. त्या लोण्याने ती अधिकच गप्प होत गेली. मास्तरांचाही आवाज तसाच झाला होता, आणि त्याची त्यांना लाज वाटायची.

फक्त बुधवारी जिना चढून गेलं, ग्लास आदळला, की तिची मान ताठ व्हायची. नवऱ्याचं नाव न आठवणारी बाई पातीवरून मात्र कडकडून भांडायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मास्तरांची सगळी मदार आता या एका म्हणीवर होती.

परगावी असलेल्या लेकीने दोन वर्षं धीर धरला. मग ती म्हणाली, आईला आता कुणीच ओळखू येत नाही, तुमची पाठ वाकली आहे, अशा माणसांना सांभाळणाऱ्या एका चांगल्या केंद्रात जागा मिळते आहे. तिचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. मास्तर म्हणाले, ती अजून आहे, बुधवारी ये आणि बघ. हातच्या काकणाला आरसा कशाला?

लेक यायच्या आदल्या बुधवारी मात्र विपरीत घडलं. बाईने शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या बशीत हात घातला आणि स्वतःचं सूप लवंडलं. तो माणूस उठून गेला. फौजदार ओरडला, “सांभाळता येत नसेल तर आणू नका.” मास्तर हादरले. पुढच्या वेळी लेकीसमोर याने दारातूनच परत पाठवलं तर?

म्हणून मंगळवारी दुपारी ते एकटेच जिना चढले. फौजदार टेबलं पुसत होता. मास्तरांनी दोन गोष्टी घोकून आणल्या होत्या. एक, हिला विसरण्याचा आजार आहे, हाकलू नका. दुसरी, पण भांडायचं मात्र तसंच, त्यात काही कमी करू नका, तेवढंच उरलं आहे. पहिली सांगून झाली. दुसरीसाठी शब्द जुळवायला ते क्षणभर थांबले. तेवढ्यात फौजदार फडकं खांद्यावर टाकून नेहमीसारखा आत निघून गेला. मास्तरांना वाटलं, कळलं असेल. बोलायची सवयच नसलेला माणूस, पुन्हा हाक मारून सांगायचं त्यांच्या जिवावर आलं.

बुधवारी तिघं आली. फौजदार जिन्याच्या तोंडाशी उभा होता, केस ओले करून बसवलेले. त्याने खुर्ची पुसली, मागे ओढली. “या आई, बसा. सावकाश होऊ द्या,” तो म्हणाला. ग्लास त्याने टेबलावर असा ठेवला की आवाजसुद्धा आला नाही. न विचारता सूप आणलं, दोन्ही हातांनी धरून. वर पातीचा एक तुकडा नव्हता.

बाई सुपाकडे बघत राहिली. तिला काढायला काही नव्हतं. मास्तर हळूच म्हणाले, पात नको म्हणून सांग ना त्यांना. तिने नुसता चमचा फिरवला. मास्तरांनी फौजदाराचा हात धरला.

“ओरडा हिच्यावर. पात घाला आणि ओरडा, नेहमीसारखं.”

“नाही हो मास्तर.” फौजदाराचे डोळे भरले होते. “इतकी वर्षं नको ते बोललो त्यांना. आता माहीत असताना कसं ओरडू?”

मग मास्तरांनी स्वतःच करून पाहिलं. टेबलावर ग्लास आदळला, “येतं तसं खायचं,” असं म्हणाले. पण चाळीस वर्षं टाचण्या धरलेल्या तोंडातून ते फार मऊ निघालं. निम्मं पाणी सांडलं, आणि फौजदाराने ते लगबगीने, अगदी हळुवारपणे पुसून घेतलं.

बाईने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पदर सावरून ती मास्तरांकडे झुकली आणि परक्या घरी विचारावं तसं दबक्या आवाजात विचारलं, “इथं कुणी गेलंय का हो?”

आपणच आपल्या हाताने हे केलं, एवढंच मास्तरांना कळत होतं. लेकीने बराच वेळ आईच्या पाठीवरून हात फिरवला. मग पर्समधून केंद्राचा फॉर्म काढला आणि घडी उलगडून सुपाच्या वाडग्याशेजारी ठेवला. मास्तर खिसे चाचपू लागले.

फौजदाराने न मागता आपल्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्यांच्या हातात दिलं.