हार बाहेर, ऊन आत

त्या दुष्काळात दूध संघाच्या गाडीतून एक लॅबवाला आमच्या गावात आलता. नाव विचारायचं राहूनच गेलं. चष्मा कपाळावर सारायचा आणि मग तोच खिशात शोधत बसायचा, असा माणूस.

आमची लालकंधारी गाय चंद्री आता गाभण राहत नव्हती. तिचं एखादं वासरू मागं राहावं, एवढीच माझी आस. चंद्रीचं बीज काढून काचेच्या बशीत वळूच्या वीर्याशी जुळवायचं आणि तयार झालेला गर्भ माझ्याच काळ्या गाईच्या पोटात ठेवायचा, असं ठरलं.

संघाच्या चेअरमननी आपला बक्षीस मिळवलेला वळू हार घालून, गुलाल लावून आणला. लॅबवाल्यानं त्याच्या वीर्याचा थेंब भिंगाखाली धरला. "मावशी, बघा बरं."

"आगं बाई! हे किडं तर पारावर बसल्यावानी निवांत हायेत की!"

चेअरमन तापले. "माझा वळू कावून चालत न्हाई?"

"साहेब, हार बाहेरून घातलाय. ऊन आत लागलंय, बीज मंदावलंय," लॅबवाला म्हणाला.

मग त्यानं गाडीतल्या थंडगार टाकीतून दुसऱ्या वळूच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी काढली. भिंगाखाली नुसती पळापळ! तो पोरावानी हसला, "आता जमलं, मावशी."

नऊ महिन्यांनी काळीला लालभडक कालवड झाली. चेअरमन झेंडूचा हार घेऊन आले, पण लॅबवाला तर कवाच दुसऱ्या गावाला गेलता. त्यांनी हार चंद्रीच्याच गळ्यात घातला. मान वळवून तिनं तो उभ्या उभ्या खाऊन टाकला.