तात्यांच्या पॉटातली वाइन

"कच्चं कुणाला द्यायचं न्हाय," असं म्हणून तात्या पातेलं शेगडीवर चढवायचे. आत काय आहे, याच्याशी त्या वाक्याचा काही संबंध नसायचा. दूध तापवायचे, ते ठीक. पण एकदा त्यांनी कोकम सरबत उकळलं, आणि लासुर्ण्याच्या एका बारशात चक्क ताक. ते फुटलं तेव्हा शांतपणे म्हणाले, "आतनं खराबच होतं. आपुन येळेत वळखलं."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चूक ते करतात आणि ओशाळतो आपण.

बारामतीत जळोचीच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. लग्नकार्यात पॉट आइस्क्रीम करून द्यायचे. बाहेर लाकडी बादली, तिच्यात बर्फ आणि खडे मीठ, मधे पत्र्याचा डबा, आणि वर फिरवायचा दांडा. मी भंडाऱ्याकडची. सातवीत शाळा सुटली. नवऱ्याबरोबर इथवर आले, आणि नवरा इथून पुढे कुठे गेला ते मला कुणी सांगितलं नाही. तात्यांनी एवढंच विचारलं, "दांडा फिरवाया येईल का, बाई?" मी हो म्हटलं. तेव्हापासून मी दांडा असा फिरवायची, की थांबले तर काढूनच टाकतील.

एका उन्हाळ्यात इंदापूरकडच्या एका द्राक्ष बागाईतदारांनी बोलावणं धाडलं. त्यांच्या सूनबाई बंगळूरला राहून आल्या होत्या. साठ पाहुण्यांना त्यांना गोठवलेली वाइन द्यायची होती. वाइन, द्राक्षाचा रस, साखर, लिंबू, सगळं बर्फासारखं भुसभुशीत करून. दुपारी वीज नसायची, मग मिक्सर कसा चालणार? बागाईतदार म्हणाले, "तात्या, हे जमलं तर उन्हाळाभर आमच्या सगळ्या पार्ट्या तुमच्या. न्हायतर पुण्याची माणसं आणतो."

परतताना टेम्पोत तात्या म्हणाले, "ह्यो उन्हाळा हातचा गेला, तर तुला ठिवायचं मला झेपायचं न्हाय." म्हणजे मला भावाच्या दारात जाऊन उभं राहावं लागणार. भावजय दार उघडेल की नाही, हे मी बारामतीपर्यंत ठरवत राहिले.

मधेच आठवलं, तात्या माळकरी. मी विचारलं, "आणि गळ्यातली माळ?"

"मी पितोय व्हय? वैद्य सगळी औषधं सोता खातो का?"

पार्टीच्या दिवशी दुपारी दोनपासून मी दांडा फिरवत होते. चार वाजले, वाइन पातळ ती पातळच. आणखी मीठ घातलं, आणखी बर्फ फोडला. माझ्या तळहाताला फोड आले. तात्यांनी डब्याला कान लावला आणि म्हणाले, "आतनं पाणी बोलतंय." पाहुणे सातला यायचे होते.

मग त्यांनी जे करायचं तेच केलं. डबा पातेल्यात रिकामा केला आणि शेगडी पेटवली.

मी त्यांचा हातच धरला. "तात्या, ही उकळतात का?"

"दूध आटवल्याबिगर कुल्फी झालीया का कदी?"

तासभर उकळली. अंगणभर वास सुटला. मांडवाचे दोन गडी कारण नसताना शेगडीपाशी येऊन उभे राहिले आणि दीर्घ श्वास घेऊ लागले. मग पातेलं बर्फात निववून सगळं पुन्हा डब्यात ओतलं. अर्ध्या तासात दांडा जड झाला. झाकण काढलं, तर आत जांभळट, रवाळ, चमच्याला चिकटणारा बर्फ. तात्या हसले.

मी शिकलेली नाही. पण एवढं कळत होतं, की वाइनमधलं जे काही होतं ते त्या दोन गड्यांनी हुंगून संपवलं होतं. तसं मी तात्यांना म्हटलं. ते म्हणाले, "रंग हाय की."

पाहुणे आले. दुसऱ्या ग्लासाला एका ग्रामसेवकांनी चपला काढून टेबलावर ठेवल्या. बांधावरून सहा वर्षं न बोलणारे दोन साडू गळ्यात पडले, आणि कोण जास्त चुकला यावरून पुन्हा भांडले. एक मास्तर खुर्चीवर चढून स्वतःच्या बायकोचे आभार मानू लागले. बायको खाली खेचत होती, "उतरा आधी, लोकं बघत्यात." मी बादलीमागे बसून होते. एकाला जरी कळलं, तरी माझं गाठोडं बांधायचं होतं.

आणि बागाईतदारांचे थोरले भाऊ, अण्णा, आमच्याकडे आले. यांनी उभ्या जन्मात प्यायचं काही सोडलं नव्हतं. अलीकडे डॉक्टरांनी बंद केलेलं, म्हणून पार्टी असली की मागच्या खोलीत रेडिओ लावून एकटे बसत. त्यांनी एक चमचा तोंडात धरला. तात्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तात्या, ह्यात तर काईच न्हाय."

"हाय की, अण्णा. द्राक्षं हायेत."

अण्णांनी वळून खुर्चीवर चढलेल्या मास्तरांकडे पाहिलं. मग ग्लास पुढे केला. "भर."

भरला ग्लास घेऊन ते थेट अंगणाच्या मधोमध गेले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "जपून घ्या रं पोरांनो. लई कडक हाय." त्यानंतर ज्यांनी घेतलीच नव्हती तेही भिंत धरून चालू लागले.

उन्हाळाभराच्या पार्ट्या आम्हाला मिळाल्या. प्रत्येकीत अण्णा मधोमध. मागच्या खोलीतला रेडिओ काही ऐकू आला नाही.

उकळल्यावर काय होतं हे तात्यांना ठाऊक होतं का? मी एकदा विचारलं. म्हणाले, "मी चाखलीया का कदी?" आणि बर्फ फोडू लागले.

तात्या जाऊन दोन उन्हाळे झाले. शेड मीच चालवते. तीच बादली, तितकाच वेळ उकळायची. परवा त्या मास्तरांनी अर्धा ग्लास खाली ठेवला आणि माझं मन दुखू नये अशा आवाजात म्हणाले, "तुमची चांगलीच असते हो, बाई. पण तात्यांची चढायची."

"त्यांचा हातच वेगळा होता," मी म्हटलं आणि त्यांना वर अजून एक चमचा घातला.