द्वारकाबाईंनी शिवलेली मुंबई

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत ब्लाउज शिवणाऱ्या द्वारकाबाई हातात टेप घेण्याआधी गिऱ्हाइकाला कामाला लावत. कोळीण आली की तिला रिकामी पाटी डोक्यावर चढवायला सांगत. शाळेतल्या बाई आल्या तर त्यांना हवेतला फळा पुसावा लागे. वर म्हणत, "नुसतं उभं राहायचं असलं तर कुणीही शिवलेला चालतो गं."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला भलतीच देखणी समजत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून वग करणाऱ्या कलापथकात मी 'मुंबई' व्हायची. मासिकातून कापलेलं एका नटीचं चित्र मी त्यांच्यापुढे धरलं. अगदी तसाच ब्लाउज हवा होता. श्वास अडकला तरी चालेल, पण घट्ट!

"वगात करतेस काय?"

"शेवटी दोन्ही हात वर करून म्हणते, मी महाराष्ट्राचीच!"

"कर बघू."

गॅलरीतल्या बायका बघत होत्या. मी लाजत लाजत हात कानापर्यंत नेले.

"बाय माझे, एवढ्यानं मुंबई मिळायची नाही!"

बायका फिदीफिदी हसल्या. मी तणतणत हिंदमाताला गेले आणि तिथल्या शिंपीमास्तरांकडून चित्राबरहुकूम ब्लाउज शिवून आणला. तालमीत तो घालून काय मिरवले! शेवटच्या वाक्याला मात्र हात खांद्याच्या वर जाईनात. जोर केला, तशी काखेतली शिवण टर्रकन उसवली. ढोलकीवाल्याची थाप चुकली. पथकाचे प्रमुख बापू म्हणाले, "परवा लालबागला प्रयोग आहे. उद्या हात वर गेले नाहीत, तर मी दुसरी मुंबई बघतो."

मी रडत द्वारकाबाईंकडे. त्यांनी एकही टोमणा मारला नाही. त्यांच्या जागी मी असते तर चार मारले असते. काखेत पतंगाच्या आकाराचा तुकडा जोडून त्यांनी मला सबंध प्रवेश करायला लावला.

"हात जातात. पण पदर घसरतो, नि तू त्याच्याकडेच बघतेस. मग लोकही पदरच बघणार. आधी तो खोच."

"स्टेजवर? मी काय भांडायला निघालेय?"

"मग कशाला निघालीयस?"

लालबागला वगातल्या दिल्लीच्या दरबारापुढे मी सावकाश पदर कमरेला खोचला. तोंड उघडायच्या आतच बायकांच्या बाजूनं आरोळी उठली. मग हात कसे वर गेले, मला कळलंसुद्धा नाही. बापूंनी वगात तो खोचलेला पदर कायमचा ठेवला, आणि मलाही.

प्रयोग संपल्यावर सगळे विचारायला लागले, ही कल्पना कुणाची? मी मान वेळावून म्हटलं, "सुचलं आपलं."

मागे वळले, तर द्वारकाबाई उभ्या. माझा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे... खरं तर या..." मी चाचरले.

माझ्या खांद्यावरचा सुटलेला दोरा त्यांनी दातानं तोडला.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या, "शिवून दिलेलं मी परत मागत नाही."