एर्मोहेनेसची पाखरं

एर्मोहेनेस रिफ्फोने जन्मभर समुद्रातून जाळी ओढली आणि सत्तरी गाठल्यावर त्याची छातीच त्याच्यावर उलटली. दर जूनमध्ये, आमच्या चिलेतल्या ऐन थंडीत, खोकला, ताप आणि अंथरूण. नेमकी तेव्हाच आमच्या कोळीवाड्यात कोळ्यांच्या संताची, सान पेद्रोची पालखी निघते. पुढचा डावा खांदा चाळीस वर्षं एर्मोचा. गेली दोन वर्षं मात्र त्याने पालखी खिडकीतून पाहिली. यंदा पालखीच्या मंडळाने निरोप धाडला: छाती बरी असल्याची दवाखान्याची चिठ्ठी आण, नाहीतर जागा दुसऱ्याला.

दवाखान्यात डॉक्टर युस्मारी होती. व्हेनेझुएलाची, हुशार, चिलेमध्ये येऊन चार महिने झालेली. तिने एर्मोला म्हाताऱ्यांच्या व्यायामवर्गात घातलं. मी त्याची शेजारीण नोल्फा, तिथे आधीपासून होतेच. रबरी पट्टे ताणायचे, हात न टेकता खुर्चीतून उठायचं, वाळूच्या पिशव्या उचलायच्या. पहिल्या दिवशी एर्मो उठला तो थेट माझ्या अंगावर. मेपर्यंत माझ्याहून जड पिशवी उचलायला लागला आणि तेवढंच रोज ऐकवायला लागला.

एकदा डॉक्टरने विचारलं, "घरी कोण कोण असतं, एर्मोहेनेस?"

"मी आणि पाखरं. माझी बायको ओर्फेलिना गेल्यापासून मीच बघतो त्यांचं. रोज धुतो, दूध घालतो."

आमच्याकडे पाखरं म्हणजे दुधाचं आंबट दही करणारे पांढरे, लिबलिबीत दाणे. ती विकायची नसतात, कुणीतरी द्यायची असतात. दिलेली परत घ्यायची नाहीत. डॉक्टरला बिचारीला यातलं काय ठाऊक?

"पाखरं? पिसं आणि घाण, या छातीला?" ती म्हणाली. "आजच्या आज घराबाहेर काढा. नाहीतर चिठ्ठी विसरा."

संध्याकाळी एर्मो बरणी घेऊन माझ्या दारात. "घे. डॉक्टरचा हुकूम आहे."

"का म्हणून?"

"तिने सांगितलं, मी विचारलं नाही."

"अरे, ओर्फेलिनाची ना ती?"

"म्हणून तर तुझ्याकडे आणली."

बसला नाही, गेला. मला आधी डॉक्टरचा राग आला, मग त्याचा. पुढचा आठवडाभर त्याने पिशव्या उचलल्या, पण एकदाही फुशारकी मारली नाही. ते काही मला बघवेना. डॉक्टरला ती पंखांची पाखरं वाटली असणार, हे माझ्या लक्षात आलं, तशी मी बरणी उचलली आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"हे काय?"

"एर्मोहेनेसची पाखरं. पिंजरा धुऊन आणलाय."

तिने झाकण उघडलं, वास घेतला. कानांपर्यंत लाल झाली. "ही तर चांगली असतात हो. व्यायामाच्या जोडीला फायदाही होईल. किती, ते छातीठोक नाही सांगता येणार. फक्त बरणी स्वच्छ ठेवा." एर्मोची छाती महिनाभर साफच होती. तिने चिठ्ठी तिथेच लिहिली.

एर्मो बरणी घेईना. "दिलेली परत घेत नाहीत, नोल्फा."

"परत कोण देतंय? आठवड्यात दुप्पट झालीत. माझ्यातली अर्धी तुला देतेय."

बराच विचार करून त्याने वाटी पुढे केली.

सणाच्या दिवशी त्याने पालखी देवळापासून संताला समुद्रात फिरवणाऱ्या होडीपर्यंत नेली, खांदा न बदलता. खाली ठेवल्यावरही तो तसाच वाकून उभा होता. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

"सान पेद्रो जड झाला का रे?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "ओर्फेलिनाची पाखरं टाकून उचलला असता, तर पेलला नसता."