बाबांचं ‘छान’

रविवारी दुपारचा चहा झाला की मी आठवड्याभराची रात्रीची जेवणं ठरवते. नवरा याला माझं ऑफिसचं खूळ म्हणतो, आणि ते खरंच आहे. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. कुठली गोष्ट कुठे बिघडेल हे आधीच शोधण्याचा मला पगार मिळतो. घरीही ती खोड जात नाही. शिवाय थंडीच्या दिवसांत काळोख पडल्यावर घरी येऊन ‘आज काय करायचं’ असा विचार करत बसलं, की शेवटी खिचडीच होते.

गेल्या थंडीतला एक आठवडा मात्र मी वेगळ्याच कारणासाठी आखला.

आई गेल्यावर बाबा पुण्याहून बंगळुरूला, जे. पी. नगरात आमच्याकडे राहायला आले. जेवणाच्या बाबतीत ते पक्के चोखंदळ. मी आईच्या पद्धतीने करायला बघायचे आणि जेवायला बसल्यावर रोज विचारायचे, “आईसारखं झालंय का?” बाबा घास घोळवून निकाल द्यायचे. आमटी पातळ झाली, मेथी जास्त शिजली, हिंग करपला. दिवाळीच्या सुमारास त्यांना ताप येऊन गेला आणि त्यानंतर निकाल बदलला. रोज एकच, “छान. तिच्यासारखंच.” मी हुरळून गेले. हात बसला एकदाचा, असं वाटलं. नवरा म्हणाला, बंगळुरूची हवा मानवली त्यांना, स्वभाव निवळला.

मग त्या रविवारी मी भाजी घेऊन घरी आले, तर लिफ्टपर्यंत करपलेल्या दुधाचा वास. गॅसवर पातेलं काळं होत आलेलं आणि बाबा हॉलमध्ये कानटोपी घालून शांतपणे पेपर वाचत बसलेले. मी ओरडले तसे दचकून उठले. दूध ठेवल्याचं विसरलो, म्हणाले. पण दूध विसरणं वेगळं आणि तो वास नाकाला न झोंबणं वेगळं. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि विचारात पडले. सरळ विचारलं असतं तर त्यांनी उडवून लावलं असतं. तेव्हा जेवणंच अशी ठरवली की उत्तर आपोआप मिळावं.

सोमवारी भाकरी आणि मेथीची भाजी, मीठ निम्मं. पहिल्याच घासाला बाबांनी मिठाकडे हात केला. म्हणजे जीभ शाबूत होती. मंगळवारी पिठलं, तेही लसूण आणि हिंग दोन्ही वगळून. नवऱ्याने एक घास घेऊन माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले तसा तो मुकाट्याने जेवला. बाबा म्हणाले, “छान. तिच्यासारखंच.” आईच्या पिठल्यात लसूण इतका असायचा की आज आमच्याकडे काय आहे ते शेजाऱ्यांना कळायचं. कोडं सुटत आल्याचा मला आनंद झाला आणि काळजीही वाटू लागली.

बुधवारी पावट्याची उसळ होती. थंडीत इथल्या फुटपाथवर पावट्याच्या शेंगांचे ढीग लागतात आणि लोक त्या नाकाने निवडतात. चांगल्या शेंगेला एक तेलकट, उग्र सुगंध असतो. हाताला लागला की धुतला तरी जात नाही. मी बाबांना मुद्दाम बरोबर नेलं. शेंगा विकणाऱ्या अक्कांनी मूठभर शेंगा त्यांच्यापुढे धरल्या आणि म्हणाल्या, “वासने नोडी, सार.” वास घेऊन बघा, असं त्या सांगत होत्या. बाबांनी शेंगा नाकाशी नेल्या, डोळे मिटले, पुन्हा पुन्हा श्वास ओढून घेतला. मग शेंगा हळूच ढिगावर परत ठेवल्या.

घराकडे वळल्यावर बाबा आपणहूनच बोलले. “काल पिठल्यात लसूण नव्हता ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“दिसला नाही. आणि जावई इतके गप्प कधी जेवतात?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. तापात वास गेला तो गेलाच. खारट, तिखट, आंबट एवढं कळत होतं, बाकी सगळं एकसारखं. मी रस्त्यातच चिडले. दिवसभर घरात एकटे असता, गॅस सुरू राहिला तर काय, सांगायला नको का, असं बरंच बोलले.

“तू रोज विचारतेस, आईसारखं झालंय का,” ते म्हणाले. “कळत नाही म्हटलं असतं तर तू विचारणं थांबवलं असतंस. दिवसभरात तेवढाच तिचा विषय निघतो गं.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. आईच्या हातची चव मलाही आठवते, पण ती खरंच आठवतेय की मी मनानेच रचतेय, हे सांगणारं बाबांशिवाय कोणी नव्हतं.

गुरुवारी डॉक्टरांकडे गेलो. वास परत येईल किंवा येणारही नाही. रोज लवंग, लिंबू हुंगत राहा, असं ते म्हणाले. गॅस गळला तर वाजेल असं यंत्र स्वयंपाकघरात बसवलं. रात्री वरणभात केला आणि मी काहीच विचारलं नाही. शुक्रवारीही नाही. विचारून त्यांना दुखवायचं कशाला, असं मला वाटत होतं. बाबा ताटाकडे बघत जेवले आणि लवकर उठले. त्यांना ज्याची भीती होती नेमकं तेच मी करत होते.

शनिवारी कुळथाची शेंगोळी ठरली होती. थंडी पडली की आई ती हमखास करायची. कुळथाला इथे हुरळी म्हणतात, त्या नावाने पीठ आणलं होतं. मी ते लसूण-जिरं-मिरचीच्या वाटणात मळत होते, तेवढ्यात बाबा हात धुऊन ओट्याशी येऊन उभे राहिले. पिठाची बारीक वळी करून, टोकं जोडून, एकेक कडं ताटात ठेवू लागले. आई मळायची आणि बाबा वळायचे, हे मी विसरूनच गेले होते. फोडणीच्या उकळत्या पाण्यात ती सोडली, रस्सा दाट झाला आणि आम्ही तिघं जेवायला बसलो. माझ्या तोंडून प्रश्न काही निघेना.

“तू खा आधी,” बाबा म्हणाले. “आणि कसं लागतंय ते मला सांग.”

“छान.”

“छान नको. आधी काय येतं?”

मी दुसरा घास सावकाश चावला. “आधी कुळीथ. जरा मातकट, खमंग.”

“मग?”

“मग मिरची. लसूण अगदी शेवटी.”

बाबांनी डोळे मिटले. शेंगांचा वास घेताना मिटले होते तसेच, पण या वेळी चेहरा ओढलेला नव्हता. ते काहीतरी जुळवून बघत होते.

“मग चुकलं,” ते म्हणाले. “तिचा लसूण आधी यायचा आणि कुळीथ मागून. तू सगळा लसूण पिठात घातलास. ती अर्धा ठेचून फोडणीत टाकायची. उद्या परत कर.”

दिवाळीनंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती, आणि मला हसू आवरेना. रविवारी बाहेरून डोसे आणायचं ठरलं होतं. ते मी रद्द केलं आणि लसणाचा गड्डा सोलायला बाबांपुढे ठेवला.