मोठ्या ड्रमचा ठोका

शिंपीणबाईंची थोरली शाळेच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायची. "ड्रमला पाय फुटले बघा," पोरी चिडवायच्या. सरांनी मात्र तीन वर्षं एकच गोष्ट तिच्या अंगी मुरवली होती, "काहीही होवो, तू थांबायचं नाहीस. तुझा ठोका चुकला की सगळ्यांची पावलं चुकतात."

संचलनाच्या दिवशी पहिल्या रांगेतले तिचे वडील खुर्चीवरून कोसळले. तिने ते पाहिलं, पण हात थांबेचनात. फेरी पुरी झाली तोवर त्यांना दवाखान्यात नेलं होतं.

आता त्यांची उजवी बाजू लुळी आहे. "अगं, टाकून द्यायचास तो ड्रम," आई म्हणते. वडील मात्र जडावल्या जिभेने आल्यागेल्याला सांगतात, "पोरीचा ठोका चुकला नाही." तेव्हा तोंड कुठे लपवावं, हे तिला कळत नाही.