विटांच्या गेमची पिवळी कॅसेट

आधीच सांगून टाकते, या धाग्यावरचे अनुभव मी वाचते ते चहासोबत, करमणूक म्हणून. पिंपळाखालची बाई, पैंजणांचा आवाज, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... वाचते, हसते आणि स्वयंपाकाला लागते. आम्ही बौद्ध. आजोबांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हापासून आमच्याकडे नवस, अंगारा, लिंबू-मिरची असलं काही नाही. बाबा तर इतके कडक की लग्नाच्या पंगतीत कोणी बाहेरच्या बाधेचा विषय काढला तर जेवण थांबवून भाषण सुरू करायचे, आणि आई गपचूप त्यांच्या पानात भात वाढायची. त्यात मी पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि आता अमरावतीला पॉलिटेक्निकमध्ये तेच शिकवते. म्हणजे माझ्यासारखीने इथे लिहावं हाच एक चमत्कार समजा. पण परवा इथे कोणीतरी जुन्या टीव्ही गेमचा फोटो टाकला आणि मला काही राहवलं नाही.

गाव दर्यापूर. दोन हजार पाच-सहाच्या आसपासची गोष्ट. बसस्टँडकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर बाबांचं टेलरिंगचं दुकान आणि दुकानामागे आमच्या दोन खोल्या. ते दिवस कसे होते हे आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं, दिवाळीला घरभर कपडे शिवणारी माणसं एका शर्टावर भागवत होती. आणि लाईन – आमच्याकडे विजेला लाईनच म्हणतात – ती पाहुण्यासारखी यायची नि पाहुण्यासारखी जायची.

तर आमचा कॉम्प्युटर. अमरावतीला सायन्सस्कोर मैदानावर प्रदर्शन लागलं होतं, तिथून बाबांनी तो आणला. पोरीने कॉम्प्युटर शिकावा ही त्यांची फार इच्छा. विकणाऱ्याने कीबोर्ड दाखवला, टीव्हीला जोडून दाखवला, बाबा खूश. एस.टी.त मांडीवर घेऊन आले, वरून शर्टपीस पांघरलेला. घरी मामा आला होता. माझा मधूमामा, आईचा धाकटा भाऊ, अकोल्याला राहायचा. त्याने खोकं पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, हा तं टीव्ही गेम आहे."

"त्याले कीबोर्ड आहे का नाई?" बाबा.

"हाव, आहे."

"मंग कॉम्प्युटर आहे."

विषय संपला. मला रोज ए ते झेड टाइप करावं लागायचं. पुस्तिकेत पाहून एक प्रोग्रॅम लिहिला, तर माझं नाव पडद्यावर वरून खाली सरसर पळायला लागलं. शेजारपाजारचे ते पाहायला आले. बाबांनी सगळ्यांना चहा पाजला. नंतर कधी माझा पगार झाला, गाडी झाली, पण तेवढं कौतुक पुन्हा नाही झालं.

आणि कीबोर्डाच्या खाचेत बसणारी ती गेमची पिवळी कॅसेट! तुमच्यापैकी ज्यांच्याकडे होती त्यांना आत्ता इथेच हसू आलं असेल. वर लिहिलेलं नऊशे नव्व्याण्णव गेम, आत जेमतेम दहा-बारा, तेच फिरून फिरून. लागली नाही की काढा, तोंडाजवळ धरा, फूऽऽ करून फुंका, पुन्हा दाबा. तरी नाही लागली तर थोडी तिरपी बसवा. मग टीव्हीतून ते टिंग-टिंग संगीत सुरू झालं की जगात काही अडचण उरायची नाही. ते संगीत अजून कानात आहे.

त्या पावसाळ्यात बाबा काळीपिवळी जीपच्या मागच्या पायरीवरून पडले. उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण बोटं काही वळेनात. अंगठा तर ठोकळ्यासारखा. डॉक्टरांनी रबराचा चेंडू दिला, दाबत राहा म्हणाले, नाहीतर बोटं अशीच आखडतील. बाबांनी दोन दिवस दाबला आणि ठेवून दिला. म्हणाले, कंटाळा येतो. टेलरचा उजवा हात गेला म्हणजे काय गेलं ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं, बोलत कोणी नव्हतं. मामा तेवढा बोलला. त्याने अकोल्यात एका दालमिलवर वॉचमनची जागा पाहून ठेवली. दिवाळी झाली की भाऊजींनी तिकडे यायचं, दुकान सोडून द्यायचं.

"कात्री सोडून काठी धरू काय?" बाबा म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. मला त्या दिवशी फार भीती वाटली.

एका दुपारी मी विटांचा गेम खेळत होते. वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडतात, त्या फिरवून खाली फट न ठेवता बसवायच्या, तो. बाबा मागून पाहत होते. थोड्या वेळाने त्यांना राहवेना.

"अवं, किती कपडा वाया घालून रायली तू! तो तुकडा उभा कर. हा, आता तिथं बसव. काही कटिंगची अक्कल आहे का नाई?"

"मग तुम्हीच करा," मी म्हटलं आणि रिमोट त्यांच्या हातात दिला.

वीट फिरवायचं बटन उजव्या अंगठ्याशी. पहिल्या दिवशी बाबा तळहाताने बटन दाबत होते. आठवडाभरात अंगठ्याच्या टोकाने दाबायला लागले. दुखायचं, तोंड वाकडं व्हायचं, पण सोडायचे नाहीत. लाईन आली की आधी बाबांचा गेम, मग आईचा मिक्सर. आई म्हणायची, मले सवत आणली तुमी, तेही प्रदर्शनातून. अंगठा हळूहळू वळायला लागला आणि घरात पुन्हा हसणं-खिदळणं सुरू झालं.

आणि कॅसेट बंद पडली.

फुंकून पाहिली, खोडरबराने घासली, स्पिरिट लावलं. काही नाही, नुसता करडा पडदा. एकाकडून दुसरी कॅसेट आणली, तर तिच्यात विटाच नव्हत्या, सगळी मारामारी. बाबांना ती आवडेना. दोन-चार दिवसांतच बोटं पुन्हा धरल्यासारखी झाली, बाबा दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडे पाहत बसायचे. मामा कॅसेट अकोल्याला घेऊन गेला, बसस्टँडमागे असली कामं करणारा एकजण होता त्याच्याकडे. पुढच्या खेपेला घेऊन आला तो तोंड पाडूनच. मला रस्त्यातच भेटला. पिशवीतून कॅसेट काढून माझ्या हातात दिली.

"तो म्हणे गेली हे, फेकून द्या. भाऊजीले तूच सांग, मले नाई सांगणं होत."

हातात हलकी लागली. पण त्या कॅसेटी हलक्याच असायच्या.

मी तशीच उभी होते तेवढ्यात शेजारच्या शमीम खाला आल्या. कडेवर त्यांची नात, संध्याकाळ झाली की उगाच किंचाळणारी. "चल बेटा जरा मेरे साथ, बाटली पकड. ये शाम हुई के रोना शुरू करती." आणि मला घेऊन थेट मशिदीच्या फाटकाशी. मगरिबची, म्हणजे दिवस मावळतानाची नमाज सुटली की तिथे बायका आजारी पोरं घेऊन उभ्या असतात, सगळ्या जातीधर्माच्या. नमाजी बाहेर येतात, मनात काही म्हणतात, आणि पोरावर, पाण्याच्या बाटलीवर फुंकर घालून पुढे जातात. आमच्या घरचं कोणी कधी त्या रांगेत उभं राहिलं नव्हतं. मी म्हटलं, मी काय, मी बाटलीवाली.

एक म्हातारे आले, मेंदी लावलेली लाल दाढी. नातीवर फुंकर घातली, बाटलीवर घातली आणि माझ्या दुसऱ्या हातापाशी थांबले.

"ये क्या है बेटी?"

"कॅसेट आहे. बाबांची."

"बीमार है?"

"हो. बंद पडली."

खाला पदरात तोंड लपवून हसत होत्या. म्हातारे मात्र हसले नाहीत. डोळे मिटून, बाकीच्यांना घातली तशीच व्यवस्थित फुंकर त्यांनी कॅसेटवर घातली. वर एकदा उलटी करून पाठीवरही घातली.

घरी आले, लाईन होती. बाबांना काय सांगू ते सुचेना, म्हणून कॅसेट सरळ लावली. टिंग-टिंग...

आई पोळी तव्यावर ठेवून बाहेर आली. बाबांनी रिमोट ओढूनच घेतला. मी मशिदीचं बोलणारच नव्हते, पण भिंतीपलीकडून खालांनीच सगळ्या गल्लीला ऐकवलं. बाबा मोठ्याने म्हणाले, "खाला, फुंकरीनं कार्बन निघते! विज्ञान आहे ते."

"हौ भाई! तो तुम इतने दिन से फूंक रहे थे, तब काय को नहीं निकला?"

बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि वीट फिरवली.

इथपर्यंत मीही कार्बनच म्हणेन. पुढचं ऐका.

बाबा रोज खेळत राहिले. कात्री धरता यायला लागली, जाड कापड मात्र अजून कापता येत नव्हतं. एका सकाळी मामा आला. हातात कागदाची पुडी. "भाऊजी, त्या अकोल्याच्या माणसानं हे देल्लं. म्हणे गडबडीत नुसतं खोकं बंद करून देऊन देल्लं, आतली पट्टी टेबलावरच राह्यली. चालत तं नाई म्हणे, पण तुमची वस्तू तुमच्यापाशी असावी." पुडीत हिरवी पट्टी होती, मधे काळा ठिपका; कॅसेटमधले सगळे गेम त्या ठिपक्यातच असतात.

आणि समोर टीव्हीवर विटा पडत होत्या.

मामाने पट्टीकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. "मंग हे... कशावर चालून रायलं?"

बाबांनी गेम थांबवला. मामा कॅसेटचे स्क्रू काढायला पेचकस शोधू लागला, तेव्हा बाबांनी कॅसेटवर हात ठेवला. "कोणी हात लावाचा नाई. माहा अंगठा पुरा होऊ दे."

आईने संधी सोडली नाही. "काहून? आता कोठी गेलं विज्ञान?"

"इलाज अर्धा सोडू नये हेही विज्ञानच आहे," बाबा म्हणाले. पण मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते घाबरले होते. कॅसेट उघडली आणि विटा थांबल्या तर हातही तिथेच थांबेल, असं त्यांना वाटत होतं. जन्मभर ज्याला हसले तेच त्यांना वाटत होतं, आणि ते आम्हाला दिसतंय हेही त्यांना कळत होतं. मला माझे बाबा कात्रीसकट हवे होते, बाकी काही का असेना.

मग दिवाळीपर्यंत घरात एक गंमतच चालली. आई कॅसेटवरची धूळ लांबूनच झटकायची. खाला नातीला घेऊन रोज विटा पाहायला यायच्या. ती पोर विटांसमोर चिडीचूप बसायची, संध्याकाळचं रडणं कुठल्या कुठे गेलं होतं. बाबा अंगठा चालवत होते. चेष्टा मुकाट ऐकून घ्यायचे, नाहीतर एरवी ते कोणाचं ऐकणारे नव्हते.

दिवाळी झाली, मामा बाबांना न्यायला आला. सोबत स्वतःसाठी घेतलेला जाडजूड पँटपीस. टेबलावर टाकला. "हा कापून दाखवा, मंग मी एकटा जातो."

बाबांनी मामाचं माप घेतलं, खडूने रेघा मारल्या, मोठी कात्री उचलली. त्या कात्रीचा कापडातून चालतानाचा कर्र-कर्र आवाज आम्ही पावसाळ्यापासून ऐकला नव्हता. आई दारात उभी राहून रडत होती आणि हसतही होती. मधे कुठे थांबणं नाही, वाकडं जाणं नाही. कापून झालं, तुकड्यांची घडी घातली, आणि बाबा मला म्हणाले, "पेचकस आण."

स्क्रू त्यांनी स्वतः काढले, उजव्या हाताने. झाकण उचललं. आत पिवळं प्लॅस्टिक, थोडी धूळ. बस. कॅसेट पुन्हा बंद करून लावली – करडा पडदा. हिरवी पट्टी आत बसवून लावली, तरी करडा पडदा. त्यानंतर ती कधीच चालली नाही. मी कॉलेजात असताना तसल्या कीबोर्डांवर किती प्रयोग केले. कॅसेटशिवाय त्यात एकही गेम नसतो, आणि कॅसेटच्या रिकाम्या खोक्यात पडद्यावर काही पाठवणारं काही नसतंच. शिक्षिका म्हणून सांगते, असं होऊ शकत नाही. झालं मात्र आहे, आणि का, ते मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवशी आम्ही सगळे वाकून त्या खोक्यात डोकावत होतो. बाबांनी आत एकदाच पाहिलं. मग पेचकस खाली ठेवला आणि किती तरी वेळ नुसता अंगठा वळवून पाहत बसले. संध्याकाळच्या जीपने मामा अकोल्याला गेला, एकटाच.